अण्णांची वारी आणि जादा गाडी

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासताना ऐकत असाल, कुणी रात्रपाळीला. आजचा भाग जरा घरचा आहे.

मागच्या भागात बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो की माझे वडील माळकरी वारकरी होते, पण नोकरीची बत्तीस वर्षं ते आषाढीला एकदाही पायी गेले नाहीत. त्यावर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, मग ते कसले वारकरी? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः तो अण्णांना तोंडावर विचारलाय, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी वाईट शब्दांत. आज ते सगळं सांगतो.

तर अण्णा एसटीत कंडक्टर होते. १९८४ ला लागले, २०१६ ला निवृत्त झाले. आमचं गाव शेवगाव तालुक्यात, नगर जिल्ह्यात. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय. तुमच्यापैकी जे मशीनच्या तिकिटावर वाढलेत त्यांच्यासाठी सांगतो, आधी कंडक्टरच्या हातात एक ट्रे असायचा. त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे रंगांनुसार लावलेले. पंधरा रुपये भाडं असलं तर दहाचं एक, पाचचं एक, फाडायचं आणि पंचनं टक् टक् करून द्यायचं. गळ्यात चामड्याची बॅग, कानावर पेन. एक घंटी दिली की गाडी थांबायची, दोन दिल्या की निघायची. लहानपणी मी अण्णांना हाक मारायच्या ऐवजी दारात उभा राहून ‘टिंग टिंग’ करायचो. आई म्हणायची, बाप आहे का एसटी आहे तुझी?

आणि गळ्यात तुळशीची माळ. खाकी शर्टाच्या वरच्या गुंडीतून ती दिसायची.

माळ घालणं म्हणजे काय, हे शहरातल्या माझ्या मित्रांना नेहमी सांगावं लागतं. माळ घातली की मांस-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, आणि वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी करायची. अण्णांनी माळ घातली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. नोकरी नंतर लागली. आणि नोकरी लागली तीच अशी, की ज्या दिवसांत वारकऱ्यानं पंढरपूरला चालत जावं, नेमक्या त्याच दिवसांत एसटीला सगळ्यात जास्त माणसं लागतात.

आषाढीला राज्यभरातून पंढरपूरला जादा गाड्या सुटतात. हजारो. गावातल्या चाळीस-पन्नास लोकांनी मिळून मागणी केली तर गाडी थेट गावातून निघते. मग ज्या कंडक्टरची ड्युटी लागेल त्यानं निघायचं. नगर, करमाळा, टेंभुर्णी करत गाडी पंढरपूरला पोहोचायची. गावाबाहेर यात्रेसाठी तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात, तिथं माणसं उतरवायची आणि पुढची खेप. चार-पाच दिवस असेच. झोप गाडीतच, सीटवर आडवं होऊन. पाऊस असला तर खाली सगळा चिखल.

दर्शनाची रांग कित्येक तासांची असते. ड्युटीवरचा माणूस तिथं कसा उभा राहणार? वारकऱ्यांत एक सोय आहे. विठ्ठलापर्यंत पोहोचता आलं नाही तर नामदेव पायरीवर डोकं टेकवायचं. तेही जमलं नाही तर लांबून कळसाला हात जोडायचे. कळसाचं दर्शन घेतलं तरी वारी पोहोचली असं मानतात. अण्णांची आषाढी म्हणजे बत्तीस वर्षं कळस. काही वर्षी तोही नाही.

नेम म्हणून ते माघी वारीला जायचे. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या असतात. माघात गर्दी कमी, रजाही मिळायची. म्हणजे हिशेबानं त्यांची वारी कधी चुकली नाही. पण आमच्याकडे लोक मोजतात ती आषाढीच, आणि मोजतात तेही पायी गेला का यावर. आमच्या वाड्यातले एक काका दरवर्षी आळंदीहून चालत जायचे. परत आल्यावर गावात त्यांच्या पाया पडायला माणसं यायची. अण्णा त्याच दिवशी चिखलानं भरलेल्या चपला हातात घेऊन मागच्या दारानं घरात यायचे.

घरी अण्णा कसे होते? खरं सांगायचं तर घरी ते कमीच असायचे. दिवाळीला एसटीला गर्दी, उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी, लग्नसराईत गर्दी. दोन दिवसांआड वस्तीची गाडी. वस्तीची गाडी म्हणजे रात्री एखाद्या खेड्यात मुक्काम करून सकाळी परत येणारी. घरी असले की पहाटे अंघोळ, देवपूजा, मग म्हशीचं बघायचं, मग माझ्या बहिणीच्या वेण्या. हो, तिच्या वेण्या अण्णाच घालायचे. आई म्हणायची, मी ओढते म्हणून ती रडते, यांच्याकडे मुकाट बसते. वेणी घालताना हरिपाठ चालू. बहिणीला तो न शिकता पाठ झाला, मला अजून पूर्ण येत नाही.

रात्री एकनाथी भागवत. पैठण आम्हाला जवळ, नाथषष्ठीला आमच्या भागातल्या दिंड्या तिकडे जातात, त्यामुळे घरात माऊली आणि तुकोबांच्या बरोबरीनं नाथमहाराज. पण अण्णांचं नाथांवर जे प्रेम होतं त्याला दुसरं कारण होतं. नाथ संसारी. बायको गिरिजाबाई, मुलगा, मुली, दारात अखंड पाहुणे, आणि त्यातच सगळं लिखाण. भागवत लिहिलं, ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार केली, भारुडं केली, भावार्थ रामायण हाती घेतलं आणि ते मात्र अपुरं राहिलं, गावबा नावाच्या शिष्यानं पुढं पूर्ण केलं. अण्णा म्हणायचे, ‘नाथांना कुणी विचारलं असेल का रे, की एवढं करता तर घर कशाला केलंत?’

नाथांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. काशीहून रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं गंगेचं पाणी तहानेल्या गाढवाला पाजलं ती तर शाळेतच असते. अण्णांची आवडती गोष्ट वेगळी होती, हरिपंडिताची. हरिपंडित म्हणजे नाथांचा मुलगा. संस्कृतात मोठा विद्वान. परंपरेत सांगतात की बापानं मराठीत पुराण सांगावं आणि कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटत नव्हतं. तो रागावून काशीला निघून गेला. मग नाथ स्वतः त्याला आणायला गेले. मुलानं अटी घातल्या: मराठीत सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी त्या मान्य केल्या आणि त्याला घेऊन पैठणला आले. मुलगा संस्कृतात पुराण सांगू लागला आणि ऐकायला येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. पुढं मुलाचं मत बदललं आणि त्यानंच वडिलांना पुन्हा मराठीत सांगायची विनंती केली, अशी ती गोष्ट.

कीर्तनात ही गोष्ट मुलाच्या गर्वहरणाची म्हणून सांगतात. अण्णा शेवटापर्यंत जायचेच नाहीत. ते मधेच थांबायचे. एवढा मोठा माणूस, म्हातारपणी मुलापुढं ‘बरं, तू म्हणशील तसं’ म्हणाला, इथं. आणि मग पुस्तक मिटून दिवा बारीक करायचे. मला वाटायचं, यांना गोष्ट सांगता येत नाही.

आता अण्णा म्हणजे अगदी देवमाणूस, असं मी सांगायला लागलो तर आई हा भाग ऐकणार नाही. गाडीत एखादी म्हातारी चढायची, पैसे नसायचे किंवा कमी असायचे. कंडक्टरला कुणाला फुकट नेता येत नाही. वाटेत तपासणी झाली आणि तिकीट नसलेला प्रवासी सापडला तर नोकरीवर येतं. अण्णा तिचं तिकीट फाडायचे आणि खिशातले पैसे बॅगेत टाकायचे. हिशेब चोख, वेबिलला एक पैसा कमी नाही. बाहेर यांचं कौतुक. आणि महिन्याच्या शेवटी आई दुधाचा रतीब वाढवून किराणा भागवायची. एकदा मी तिला म्हणालो, लोक अण्णांना देवमाणूस म्हणतात. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘म्हणू देत. म्हणायला त्यांचं काय जातं? उधारीच्या वहीत नाव माझं आहे.’

हे मी मुद्दाम सांगतोय. वारल्यानंतर माणसाला आपण धुऊनपुसून ठेवतो. अण्णांच्या भक्तीचा अर्धा खर्च आईनं उचललाय.

तर ते भांडण. भांडण तरी कसलं, बोललो मी एकटाच.

२०११ चा आषाढ. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या मेसमधलं सगळं खायचो, सगळं प्यायचो, आणि देवाधर्मावर वाद घालण्यात मला फार हुशारी वाटायची. सुट्टीत घरी आलो होतो. अण्णा पाच दिवसांची यात्रेची ड्युटी करून आले. पाय सुजलेले. आईनं पाणी तापवून परातीत घातलं होतं. ओट्यावर ते काका आणि आणखी दोघं बसलेले. काका सहज म्हणाले, ‘काय, यंदा पण गाडीतूनच का?’ अण्णा हसले. आणि मी म्हणालो, ‘एवढी भक्ती करता तर तुमच्या विठ्ठलाला सांगा की रजा द्यायला. त्याला तुमची चार दिवसांची रजा मंजूर करता येत नाही, तो आम्हाला काय देणार?’

ओट्यावरचे दोघं हसले. काका नाही हसले. अण्णांनी पाय परातीतून काढले, पंचानं पुसले. तिकिटाचा पंच नव्हे, अंगावरचा पंचा. जेवले. हरिपाठ म्हणाले. मी वाट बघत होतो की आता ओरडतील. निदान दुसऱ्या दिवशी. आईनं माझ्याशी दोन दिवस बोलणं सोडलं. अण्णांनी मात्र मला स्टँडवर सोडताना नेहमीसारखे शंभर रुपये दिले आणि म्हणाले, ‘पुढच्या सीटवर बस, मागं धक्के बसतात.’

त्यानंतर एक-दोन वर्षांनी मी पुण्यात खोली घेतली. अण्णा भेटायला येणार होते. मी फोनवर सांगून टाकलं, इथं माझे मित्र राहतात, खाण्यापिण्यावरून काही बोलायचं नाही. ‘बरं’, म्हणाले. आले ते नेमके एकादशीला. पिशवीत भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आईनं दिलेली. मित्रांनी बिर्याणी मागवली होती. अण्णा खिडकीशी बसून त्यांच्या डब्यातलं खात होते आणि माझ्या मित्राला विचारत होते, तुमच्याकडे गावाला कुठली गाडी जाते? त्याच्या गावाची वस्तीची गाडी अण्णांना वेळेसकट माहीत होती. जाताना मित्र त्यांच्या पाया पडला. मी नाही पडलो. हरिपंडिताची गोष्ट ते मधेच का थांबवायचे, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. नाही कळलं.

२०१६ ला ते निवृत्त झाले आणि त्याच आषाढात आळंदीहून निघाले. दिंडीत नाव लावलं, वर्गणी भरली, नवा टाळ घेतला. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली पायी वारी. मी म्हणालो, पुण्याहून सासवडपर्यंत मी येतो बरोबर. म्हटलं तर उत्साह, म्हटलं तर पापक्षालन.

तो टप्पा लांब आहे, आणि दिवे घाट त्याच वाटेवर. ज्यांनी इन्स्टाग्रामवर ड्रोनचे व्हिडिओ पाहिलेत त्यांना वाटतं घाट म्हणजे भगव्या पताकांची सुंदर नदी. आत चालताना समोरच्याची पाठ दिसते फक्त. आणि घाम. अण्णा टाळ वाजवत मजेत चालले होते. पण बत्तीस वर्षांची सवय. जरा रेटारेटी झाली की मागून आवाज, ‘चला, पुढं सरका माऊली, पुढं जागा आहे!’ अख्खी दिंडी हसायची. मुक्कामाला ट्रकमधून सामान उतरवताना तर ते पूर्ण कंडक्टरच झाले. कुणाची वळकटी कुणाची, कोण राहिलंय, माणसं मोजायचे.

दिंडीत त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं गाडी चालवलेले एक ड्रायव्हरकाका होते, तेही निवृत्त. घाट चढून वर आल्यावर आम्ही दोघं कडेला बसलो. ते केळं सोलत मला म्हणाले, ‘तुझ्या बापाची रजा दोनदा मंजूर झाली होती, ठाऊक आहे का? आषाढीची.’ मला ठाऊक नव्हतं. ‘एकदा त्यानं ती दुसऱ्या कंडक्टरला दिली. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती आणि माणूस एकच सोडता येत होता. दुसऱ्यांदा तुझी फी होती. यात्रेच्या जादा ड्युटीचे पैसे मिळतात ना, ते त्याला सोडवेनात. साहेबांनाच जाऊन म्हणाला, रजा रद्द करा.’

मी विचारलं, कुठल्या साली? त्यांनी डोकं खाजवलं. ‘साल नाही आठवत बाबा. तू पुण्याला गेला होतास एवढं नक्की.’

मग त्यांनी सालाचा विषय सोडून केळ्याची साल कुठं टाकायची ते विचारलं. मीही पुढं विचारलं नाही. ते २०११ च असेल असं काही नाही. पण नसेलच, असंही नाही.

रात्री सासवडच्या मुक्कामात, राहुटीत, मी अण्णांना विचारलं, तुम्ही मला तेव्हा सांगितलं का नाही? ते पायांना तेल लावत होते. कशाबद्दल विचारतोय हे त्यांना लगेच कळलं, म्हणजे माझं ते वाक्य त्यांच्याही लक्षात होतं. म्हणाले, ‘काय सांगायचं त्यात? तुला वाटलं ते तू बोललास.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘अरे, दरवर्षी दोनशे-अडीचशे माणसं मी नेऊन सोडायचो. त्यांचं दर्शन झालं की.’ आणि पाठ करून झोपले. पाच मिनिटांत घोरायला लागले. मला झोप आली नाही, पण ते डासांमुळेही असेल.

२०१६ ते २०१९, चार वर्षं ते पूर्ण चालले. मग २०२०.

कोरोनात पायी वारी झाली नाही हे तुम्हाला आठवत असेल. ३० जून २०२० ला ज्ञानेश्वर माऊलींच्या पादुका आळंदीहून फुलांनी सजवलेल्या गाडीतून पंढरपूरला नेल्या. कुठली गाडी? एसटी. मी वर्क फ्रॉम होम म्हणून गावीच होतो. टीव्हीवर ते चालू होतं. अण्णा जमिनीवर मांडी घालून अगदी टीव्हीजवळ बसलेले, गळ्यात उपरणं. मला वाटलं नमस्कार करतील, रडतील. ते स्क्रीनवर काहीतरी शोधत होते. मान वाकडी करून गाडीच्या दारातून आत बघायचा प्रयत्न. मग मला म्हणाले, ‘कंडक्टर कोण आहे रे गाडीला? दिसतो का बघ.’

मी कितीतरी वेळ बघितलं. दिसला नाही.

गाडी हलली तशी ते पुटपुटले, ‘दोन दिल्या.’ आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘घ्या. तुम्हाला चालत जाता आलं नाही म्हणत होते ना सगळे? देवालाच यावं लागलं तुमच्या गाडीत.’ तेव्हा मात्र अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले. हसत होते की काय करत होते, मला नीट दिसलं नाही. मी टीव्हीकडे बघत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो.

२०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली तोवर त्यांचे गुडघे गेले होते. वाखरीपर्यंत गाडीनं गेले आणि तिथून पंढरपूरपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा चालले. २०२३ च्या डिसेंबरात, पहाटे, झोपेतच गेले. गावच्या भजनी मंडळानं टाळ वाजवत नेलं. माळ त्यांच्याबरोबरच गेली.

तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. मी माळ घातलेली नाही. घालीन असंही वाटत नाही. एकादशी मला व्हॉट्सअॅपवर आईचा मेसेज आला की कळते. अण्णांनी कधी म्हटलं नाही की घाल. बहिणीनं मात्र घातली, लग्नानंतर, सासरच्यांना विचारून, आणि तिच्या मुलीच्या वेण्या घालताना ती हरिपाठ म्हणते. मला ते बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

मला राहून राहून आठवतं ते दुसरंच. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले, आई आणि मी ओट्यावर बसलो होतो. मी तिला विचारलं, तू आषाढीला कितीदा गेलीस? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. अण्णांची वारी, अण्णांची रजा, अण्णांचा कळस, सगळा हिशेब त्यांचाच. ती म्हणाली, ‘एकदाही नाही. तुझी आजी अंथरुणाला, म्हैस दारात, तुम्ही दोघं. मी पंढरपूर बघितलं ते लग्नानंतर एकदा, आणि तेही माघात.’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हशीचं दूध किती निघतं ते सांगावं तसं सांगितलं.

म्हणून यंदा आषाढीला मी आईला घेऊन चाललोय. मी म्हणालो, दिंडीत जाऊया, वाखरीपासून तरी चालूया. तिनं वेड्यात काढलं मला. या गुडघ्यांनी? मग म्हणालो, कार करतो. तेही नको. ‘मी एसटीनं जाणार. जादा गाडीनं.’ बायकांना आता अर्धं तिकीट आहे, त्याचंही तिला भारी कौतुक. गावातून गाडी सुटतेय, पन्नास जणांची यादी झाली, त्यात आमची दोन नावं आहेत.

काल रात्री तिचा फोन आला. खिडकीची जागा बघ म्हणाली. आणि सुट्टे पैसे घेऊन ठेव. मी म्हणालो, अगं आई, आता एसटीत फोनवरून पैसे देता येतात, सुट्ट्यांची कटकट नाही. ती म्हणाली, ‘असू दे. गर्दीत त्या पोराला सुट्ट्यांवरून त्रास नको.’